खाली न येणारा आकडा

मला भीती वाटते, असं त्या कॅमेऱ्याचं म्हणणं होतं. मला काडीचीही भीती वाटत नाही, असं माझं म्हणणं होतं. आणि अख्ख्या खडीमाळावर माझं ऐकून घेणारं एक माणूस नव्हतं. मशीन कशाला खोटं बोलेल, असं सगळे म्हणायचे. जशी काही मलाच खोटं बोलायची हौस होती.

खडीमाळ म्हणजे कोल्हापूरच्या बाहेर, दगडाच्या खाणी संपतात तिथून पुढचा उघडाबोडका माळ. त्यावर आमचा रेसिंगचा ट्रॅक आहे. गाड्या टू-सीटर स्पोर्ट्स कार, पण इंजिन उसाच्या इथेनॉलवर चालणारं. बाकी सगळीकडे विजेच्या गाड्या आल्या, शर्यती बंद पडायची वेळ आली, तेव्हा इकडच्या साखर कारखान्यांनी पैसे घालून त्या चालू ठेवल्या. शर्यतीच्या दिवशी माळावर काकवी करपल्यासारखा वास सुटतो. बाहेरगावचे लोक नाक मुरडतात, आम्हाला त्या वासाने भूक लागते.

मी राजनंदिनी मेस्त्री. उद्यमनगरातल्या जयमाला मेस्त्रीची पोरगी. आम्ही कोल्हापूरच्या पोरी बोलताना 'मी जातो, मी येतो'च म्हणतो. लिहिताना मात्र शाळेतल्या बाईंनी मारून मारून सरळ केलंय, म्हणून हे असं पोशाखी वाटेल. आईचं वर्कशॉप तुम्ही रेसिंगवाल्या कुणालाही विचारा. गाडी उलटली तर माणूस चिरडू नये म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो, त्याला केज म्हणतात. आई केज बनवते. आणि त्या केजवर कॅमेरा बसवायचे क्लॅम्प बनवते. तिच्या क्लॅम्पने कधी कॅमेरा सोडलाय, असं दक्षिण महाराष्ट्रात कुणी म्हणणार नाही.

त्याला कारण आहे. माझे पप्पा घाटातल्या शर्यतीत गेले. गाडी उलटली, पण केज टिकला, पट्टे टिकले. पप्पांनी मात्र स्वतःचं शूटिंग करायला काचेवर रबरी वाटीने कॅमेरा चिकटवला होता. उन्हात वाटी सुटली, गाडी कोलांटली तसा तो कॅमेरा आत उडाला आणि पप्पांच्या कानशिलात बसला. मुठीएवढी वस्तू. मी तेव्हा शाळेत होते. पप्पांचे दिवस झाले आणि आईने ग्राइंडर उचलला. तेव्हापासून ती एकच गोष्ट बनवत आली, हलणार नाही असा क्लॅम्प.

क्लॅम्प तयार झाला की ती तो केजवर आवळायची, पान्याने ठोकायची आणि कान लावायची. 'थप्प' असा मुका आवाज आला तर पास. 'टण्ण' असा सूर निघाला तर भंगारात, कारण जे वाजतं ते थरथरतं. लहानपणी माझं काम तेच. मी दाराशी उभी राहायची आणि ओरडून सांगायची, थप्प की टण्ण. माझे कान तिथे तयार झाले.

आता कॅमेऱ्याचं सांगते. पूर्वी गाडीतला कॅमेरा रस्ता दाखवायचा, फार तर हात आणि स्टिअरिंग. आताचा कॅमेरा ड्रायव्हरचा चेहरा बघतो. हृदय ठोका देतं तसा रक्ताचा लोंढा कातडीखालून जातो आणि कातडीचा रंग केसभर बदलतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. हेल्मेटच्या काचेतून डोळ्यांभोवतीची चार बोटं कातडी दिसली तरी त्याला पुरतं. त्यावरून तो ठोके मोजतो. वळणावर ठोके सगळ्यांचेच चढतात, आमच्यातल्या वाघांचेसुद्धा. खरी परीक्षा पुढे असते. वळण संपून सरळ रस्ता लागला की कुणाचे ठोके किती पटकन उतरतात, यावर कॅमेरा दर दोन फेऱ्यांनी एक आकडा काढतो. त्याला धीरांक म्हणतात. ज्याचे ठोके उतरतच नाहीत, तो घाबरलेला. घाबरलेला माणूस चुकतो. म्हणून धीरांक पडला की गाडीच स्वतःहून इंजिनाची ताकद कापते. त्याला आम्ही लगाम म्हणतो.

कागदावर सगळं कसं गोड आहे बघा. अपघात कमी झाले, हेही खरं. पण मग तो आकडा ट्रॅकवर राहिला नाही. विमेवाल्यांनी मागितला, लायसन्सवर छापला गेला, शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला लागला. गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या स्थळाने पत्रिकेसोबत मुलीचा धीरांक मागितला. मावशीने तो अभिमानाने दिला, कारण चांगला होता.

मी शर्यतीत उतरायचं ठरवलं तेव्हा आईने आठ दिवस अबोला धरला. मीही तिचीच पोरगी, मी नववा दिवस धरला. शेवटी एका सकाळी चहा ठेवता ठेवता ती एवढंच म्हणाली, की जायचं तर जा, पण गाडीत क्लॅम्प माझ्याच हातचा बसेल. मला तो आशीर्वाद वाटला. मी तिच्या गळ्यात पडले. किती मूर्ख असावं माणसाने.

पहिल्या शर्यतीत मी दुसऱ्या फेरीपर्यंत पुढे होते. घोडनाल म्हणून आमचं एक लांबलचक वळण आहे, ते मी असं काढलं की पिटात, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्यांच्या शेडमध्ये, खलीलचाचांनी टोपी उडवली म्हणे. खलीलचाचा मुजावर माझे मेकॅनिक, पप्पांचेही तेच होते. वळण संपलं, सरळ रस्ता लागला, मी पाय दाबला, आणि गाडीने जीव सोडला. लगाम. माझ्या बाजूने सगळे एकेक करून निघून गेले. एकाने जाता जाता हात हलवला. त्याचा हात मुरगाळावासा वाटला.

पिटातल्या स्क्रीनवर माझ्या ठोक्यांची रेघ होती. एकशे ऐंशी. वळणावर एकशे ऐंशी, सरळ रस्त्यावर एकशे ऐंशी, सुरुवातीच्या रांगेत नुसती उभी होते तेव्हाही एकशे ऐंशीच. टीमचे मॅनेजर शिरगावकर माझ्याकडे बघून हसले. हा माणूस पुण्याहून आलेला, आवाज कधी चढणार नाही, शब्द कधी वावगा जाणार नाही, आणि तरी बोलणं संपलं की अंगावर कुणीतरी थंड पाणी ओतल्यासारखं वाटणार. ते म्हणाले, काही लोक भीतीने थिजतात, त्यांचे ठोके वर जातात आणि तिथेच अडकतात, यात लाजण्यासारखं काही नाही. मी म्हणाले, मला भीती वाटत नाही. ते म्हणाले, अर्थातच, ते तुला जाणवणार नाही.

म्हणजे बघा, तुमचा दात दुखत नाहीये आणि समोरचा म्हणतो की दुखतोय, फक्त तुम्हाला कळत नाहीये.

पुढच्या शर्यतीत तेच. त्याच्या पुढच्या शर्यतीत तेच. मी कॅमेरा बदलून मागितला, त्यांनी बदलला. नव्या कॅमेऱ्यानेही एकशे ऐंशीच दाखवले. पिटातली पोरं 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणून माझ्या पाठीमागे खिदळली. रेसिंग फेडरेशनच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच जातीचा कॅमेरा टेबलावर ठेवून मला तपासलं, तर ठोके एकदम नीट. मला आनंद झाला. बाईंनी मात्र लिहिलं, की ही मुलगी बाहेर शांत आहे, म्हणजे भीती गाडीचीच आहे. आगीतून निघाले ती फुफाट्यात.

आणि घरी? घरी मी हरून आले की मटण शिजलेलं असायचं. तांबडा, पांढरा, दोन्ही रस्से. आई ताटात वाढत राहायची आणि म्हणायची, जाऊ दे, सगळ्यांनाच सगळं जमत नाही, तुझा हात वेल्डिंगला किती गोड आहे. इतकी माया मला तिने पप्पा गेल्यावरही लावली नव्हती. मी रस्सा ओरपत रडायची. ती पदराने माझं नाक पुसायची.

सगळ्यात वाईट काय झालं, ते सांगते. हळूहळू मला ते पटायला लागलं. मी जिना चढून आले की मनगट धरून ठोके मोजायची. स्कूटरवरून जाताना वाटायचं, आत्ता किती असतील? आधी गाडीत बसलं की माझं डोकं रिकामं व्हायचं, घोडनालनंतरच्या सरळ रस्त्यावर तर मी चक्क गुणगुणायची. आता गुणगुणणं बंद झालं. मी त्या काळ्या काचेकडे चोरून बघायला लागले, जशी सून सासूकडे बघते.

मग शिरगावकरांनी बोलावलं. प्रत्येक ड्रायव्हरला हंगामात एक फेरतपासणी मागता येते, ती आता माग, म्हणाले. तीत पास झालीस तर राष्ट्रीय संघातली सीट तुझी, कारण हात तुझा खरंच चांगला आहे. नापास झालीस तर लायसन्सवर 'भयप्रवण' असा शिक्का बसेल, आणि तो निघत नाही. तो शिक्का असला की शर्यत राहू दे, भाजीचा टेम्पोसुद्धा चालवायला मिळत नाही. सगळं त्यांनी बिस्किटाची बशी पुढे करत सांगितलं.

फेरतपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी पिटात गेले, तेव्हा चाचा माझी गाडी जॅकवर चढवून इंजिन तपासत होते. वर पत्र्याला भोक पडलंय, त्यातून धूळ गळते, म्हणून त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर एक जुना फ्लेक्स पसरला होता. आमच्याकडे फ्लेक्स कधी वाया जात नाही, वाढदिवस झाला की त्याचं छप्पर होतं. हा कुणा बंटीदादांच्या वाढदिवसाचा होता. दादांचा चेहरा परातीएवढा, गॉगल कपाळावर चढवलेला, गळ्यात साखळी. फ्लेक्स उडू नये म्हणून चाचांनी सीटचे पट्टे त्यावरून बकलात अडकवले होते. बकल लागलं की कॅमेरा समजतो, माणूस बसला.

चाचांनी रेस वाढवली. माझी नजर सहज स्क्रीनवर गेली. रेघ उमटली होती. एकशे ऐंशी. खाली लाल अक्षरांत, 'ड्रायव्हर तीव्र तणावाखाली'.

बंटीदादा हसत होते.

मी चाचांना इंजिन बंद करायला लावलं. रेघ गेली. चालू करायला लावलं. दादांचे ठोके पुन्हा एकशे ऐंशी, कमी नाही, जास्त नाही. चाचा एकदा फ्लेक्सकडे बघत, एकदा माझ्याकडे. ते हसायला लागले, माझा चेहरा बघून थांबले.

कॅमेरा बदलला होता. गाडीचं इंजिन एकदा उतरवून चढवलं होतं. ड्रायव्हर तर आता फ्लेक्सचा होता. न बदललेली एकच गोष्ट उरली होती. मी पाना घेतला, गाडीत वाकले आणि क्लॅम्पवर टिचकीसारखा ठोका दिला.

टण्ण.

बारीक, गोड, लांबत जाणारा सूर. उद्यमनगरात माझ्या आईच्या हातचा क्लॅम्प वाजतो, हे कुणी मला शपथेवर सांगितलं असतं तरी मी त्याला येडा म्हटलं असतं.

आम्ही तो काढून ग्राइंडरवर उभा चिरला. बाहेरून अभेद्य दिसणाऱ्या लोखंडाच्या पोटात एक चीर होती, आणि चिरीत जिभेसारखी एक पट्टी मोकळी सोडली होती. ती कानसीने घासून घासून सुरात आणली होती. पट्टीच्या टोकावर कॅमेऱ्याचा बोल्ट. चाचांनी ते बघितलं आणि नुसतं "या अल्ला" म्हणून खाली बसले. त्यांना कारागिरी ओळखू आली होती. असं काम करणारा दुसरा हात गावात नाही.

मला त्या क्षणी सगळं कळलं, कारण ते मला तिनेच शिकवलं होतं. लहान असताना मी वर्कशॉपातल्या पंख्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. पंखा गरगर फिरत होता, आणि मोबाइलमध्ये त्याची पाती सावकाश, आळसावल्यासारखी सरकत होती. मला वाटलं मोबाइल बिघडला. आईने समजावलं, की कॅमेरा सलग बघत नाही, पापण्या उघडझाप करत बघतो. एका झापेपासून दुसरीपर्यंत पातं जवळजवळ आधीच्याच जागी येतं, पण नेमकं नाही. जो थोडासा फरक राहतो, तेवढाच तुला दिसतो. खोटं कुणी बोलत नाही, ती म्हणाली होती, दोघांचा ताल जुळत नाही एवढंच.

आमचा कॅमेरा सेकंदाला साठ वेळा बघतो. पट्टी सेकंदाला त्रेसष्ट वेळा थरथरते. इंजिन कसंही चालवा, घंटा कशीही बडवली तरी सूर तोच, तशी ती त्रेसष्टच थरथरणार. कॅमेऱ्याला दिसतो तो वरचा फरक, तीन. सेकंदाला तीन, म्हणजे मिनिटाला एकशे ऐंशी. चित्र केसभर हलतं, कातडीचा उजेड केसभर बदलतो, आणि कॅमेरा त्याला रक्त समजतो. त्याचा सगळा हिशेब क्लॅम्प हलत नाही या भरवशावर मांडलेला आहे. आणि क्लॅम्पवर शिक्का कुणाचा, तर जयमाला मेस्त्रीचा. तो शिक्का बघून तपासनीस हातसुद्धा लावत नाहीत.

चाचा म्हणाले, तक्रार करू नको बेटी, तिचा परवाना जाईल, वर्कशॉपला कुलूप लागेल. मी दोन्ही तुकडे घेतले आणि सरळ उद्यमनगर गाठलं.

आई कामावर होती. मी तुकडे तिच्या ऐरणीवर टाकले. तिने चष्मा कपाळावर सरकवला, तुकड्यांकडे बघितलं, आणि ग्राइंडर बंद केला. तिने नाही म्हणायला हवं होतं. निदान एकदा. माझी तशी तयारी होती.

"कधी कळलं?" तिने विचारलं.

मी तोंडाला येईल ते बोलले. सगळं इथे लिहीत नाही. तिला म्हणाले, की तुझा नवरा मेला त्याचा सूड माझ्यावर काढलास. म्हणाले, की मी घरी येऊन रडायची आणि तू मटण शिजवायचीस, कुठल्या तोंडाने वाढत होतीस? म्हणाले, की हात-पाय मोडून घरात बसवलं असतंस तर बरं झालं असतं, निदान मला कळलं असतं काय मोडलंय ते. शेजारच्या लेथवरचे कामगार मशिनी बंद करून ऐकत होते. आई ऐरणीला टेकून उभी होती. तिचा चेहरा हलत नव्हता.

"तू जिवंत आहेस," ती म्हणाली. "मला बाकी काही ऐकायचं नाही."

"उद्या फेरतपासणी आहे," मी म्हणाले. "पास झालो तर तोंड बंद ठेवतो. नापास झालो तर हे तुकडे फेडरेशनच्या टेबलावर टाकतो. मग तुझं वर्कशॉप, तुझा शिक्का, सगळं गेलं."

ती म्हणाली, टाक.

मी तिच्याच टेबलावर, तिच्याच टॉर्चने, तिच्यासमोर नवा क्लॅम्प वेल्ड केला. पोटात भरीव, कुठे फट नाही. मुद्दाम जोरात ठोकून दाखवला. थप्प. मग तिच्याकडे वळले आणि म्हणाले, चल. कुठे, तिने विचारलं. मी म्हणाले, ट्रॅकवर, शेजारच्या सीटवर.

आई कधी ट्रॅकच्या आत आली नव्हती. गेटपर्यंत सामान पोचवायची आणि तिथूनच परत जायची. मला वाटलं नाही म्हणेल. ती साडीचा पदर खोचून गाडीत बसली, हेल्मेट घातलं, माझ्याकडे न बघता. मी क्लॅम्प केजवर आवळला आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याकडे वळवला. चाचा म्हणाले, हे बरं नाही करत तू. मी म्हणाले, स्क्रीन चालू ठेवा.

मी तिला एक फेरी मारून आणली. कबूल करते, गरजेपेक्षा जोरात. घोडनालला मागचं चाक मुद्दाम सरकू दिलं. ती ओरडली नाही, तिने केजचा पाइप दोन्ही हातांनी धरला होता, बस. परत आलो तेव्हा तिच्या बोटांत रक्त नव्हतं. मी तिचं हेल्मेट काढलं आणि स्क्रीनकडे बोट केलं.

रेघ वर जाऊन वरच राहिली होती. सरळ रस्त्यावरही उतरली नव्हती. आकडा एकशे ऐंशीच्या आसपास.

"बघितलंस?" मी म्हणाले. "ही भीती कुणाची आहे? माझ्या नावावर कुणाची लिहिलीस?"

तिने त्या रेघेकडे बघितलं. मग म्हणाली, यात नवीन काय आहे, हे असंच आहे, तुझा बाप गेला तेव्हापासून. तू स्कूटर घेऊन दुधाला गेलीस तरी असंच असतं. तिने माफी मागितली नाही. मला वाटलं होतं की ही रेघ बघून ती मोडेल. उलट ती जरा सरळ बसली, इतकी वर्षं कुणाला न दाखवलेलं दुखणं एकदाचं डॉक्टरने बघावं तशी.

माझा संताप आणखी वाढला. मी तिला उतरवलं, कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि म्हणाले, आता माझी बघ. आता इथे उभी राहा आणि माझी बघ.

मी निघाले. पहिलं वळण सुरेख गेलं. दुसरं गेलं. गाडी हातात मऊ झाली होती, टायर तापले होते, सगळं जसं हवं तसं. घोडनालमध्ये शिरले तेव्हा ठोके चढलेले मला कानात ऐकू येत होते, ते चढणारच. वळण संपलं. समोर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना माळ, ऊन. इथे मी गुणगुणायची. मी तोंड उघडलं आणि मनात आलं, आता उतरतायत का?

बस, तेवढंच. आता उतरतायत का? उतरले नसतील तर? मी मुद्दाम श्वास सोडला. सोडलेला श्वास खोटा निघाला, ते मला कळलं. कॅमेऱ्याची काळी काच माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं, पुढच्या वळणापर्यंत बघतच राहिले, त्याच्या पुढच्याही. ब्रेक मी अलीकडेच दाबला. मी कधी अलीकडे दाबत नाही.

पिटात आले. चाचा स्क्रीनसमोर उभे होते. मी उतरून बघितलं. क्लॅम्पची खोटी रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ असायची. ही तशी नव्हती. ही जराशी वरखाली थरथरत होती, जिवंत माणसाची होती. वळणावर चढली होती आणि सरळ रस्त्यावर उतरायचं विसरली होती.

आईने चाचांच्या हातून पाना घेतला. गाडीत वाकली आणि माझ्या क्लॅम्पवर ठोका दिला. थप्प. तिने कान जवळ नेला, पुन्हा ठोकला. थप्प. मग तिसऱ्यांदा, आणखी जोरात. आयुष्यभर जो सूर निघाला की ती क्लॅम्प भंगारात टाकायची, तो आता निघावा म्हणून ती ठोकत होती. क्लॅम्प मुकाच राहिला. मी तो चांगलाच बनवला होता.

"मिळालं ना तुला पाहिजे ते?" मी म्हणाले. "आता मला भीती वाटते. खरीखुरी. तक्रार कसली करू आता? जा, मटण आण."

चाचांनी तोंड फिरवलं. आई पाना हातात धरून उभी होती. तिने स्क्रीनवरची माझी रेघ बघितली, मग मला बघितलं, वरपासून खालपर्यंत, जसं ती चुकलेलं वेल्डिंग बघते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पप्पा गेल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा बघत होते आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

तिने पाना ठेवला. शेजारच्या सीटवरचं हेल्मेट उचललं, घातलं, गाडीत जाऊन बसली आणि पट्टा अडकवला.

"उतर," मी म्हणाले.

"बस आत," ती म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत वेळ आहे. तुझा आकडा खाली येईपर्यंत मी हलत नाही इथून."

मी म्हणाले, तू मरशील भीतीने. ती म्हणाली, मरत नाही, मला सवय आहे. आणि दोन्ही हातांनी केजचा पाइप धरला. स्क्रीनवर तिची रेघ दिसत नव्हती, कॅमेरा माझ्याकडे होता. पण ती कुठे असेल ते मला माहीत होतं.

मी तिला माफ केलेलं नव्हतं. आजही केलेलं नाही. मी वाकून तिच्या सीटचा पट्टा बघितला, तिने तो चुकीचा अडकवला होता. मी तो काढून नीट लावला, हवा त्यापेक्षा जरा जास्तच आवळला, माझ्या सीटवर येऊन बसले आणि पहिला गिअर टाकला.